पलीकडच्या काठावरची आगटी

संक्रांत जवळ आली की मला एका जागी बसवत नाही. पेपर हातात घेतो, दोन ओळी वाचतो, घडी करून ठेवून देतो. फाटकापर्यंत जातो, परत येतो. गच्चीवर चढतो, उतरतो. बायको स्वयंपाकघरातून ओरडते, "काय शोधायलाव एवढं? सांगा तरी, मी काढून देते." मी काही शोधत नसतो. हवा बदललेली असते, एवढंच. दहा वाजले तरी अंगणातली फरशी पायाला गार लागते. ढाळ्याच्या, म्हणजे ओल्या हरभऱ्याच्या, पेंढ्या डोक्यावर घेऊन बाया गल्लीतून हाका मारत जातात. आणि परभणीच्या रस्त्यांवर हातगाड्यांवर पिशव्यांत बांधलेला हिरवा हुरडा दिसायला लागतो. तो हिरवा रंग दिसला की मी तोंड फिरवतो. चाळीस वर्षं फिरवतोय.

यंदा जरा जास्तच. आमच्या जुन्या शाळेतल्या निवृत्त मंडळींनी येत्या रविवारी सहल ठरवली आहे. सोनपेठच्या पुढं, गोदावरीच्या काठावर, माझ्या सासुरवाडीच्या शेतात. माझ्या मेहुण्याच्या मुलानं तिथं आता हुरडा पार्टीची पाटी लावली आहे. झोके आहेत, फोटो काढायला एक रंगवलेली बैलगाडी आहे, आणि जाहिरातीत लिहिलं आहे, 'नदीकाठाने सोपी पायवाट, ज्येष्ठांनाही झेपेल अशी.' मंडळी एक छोटी स्मरणिकाही काढताहेत. त्यात 'आपल्या सहली' या विषयावर दोन पानं मी लिहावीत असं ठरलं. "हलकंफुलकं लिहा जवळेकर सर, वाचताना हसू आलं पाहिजे," असा निरोप आला.

त्याच दिवशी कोणीतरी मोबाइलवरच्या आमच्या गटात एक जुना फोटो टाकला. आमच्या पहिल्या सहलीचा. सगळे जवान, सगळ्यांच्या मिशा काळ्या. खाली एकानं लिहिलं, 'वाघमारे सरांना पण बोलवा रे यंदा.' दुसऱ्यानं लिहिलं, 'ते कसले येतात! त्यांना आपल्यात जमत नाही.' त्याखाली हसणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी मोजली नाही. मोबाइल पालथा ठेवला आणि पुन्हा फाटकापर्यंत जाऊन आलो.

ते वाक्य माझं आहे. 'आपल्यात जमत नाही' हे वाघमारे सर कधीही म्हणाले नाहीत. मी ते तयार केलं आणि त्यांच्या तोंडी घातलं. दोन पानं मागितली आहेत, तर मी हेच लिहिणार आहे. हलकंफुलकं होईल असं वाटत नाही.

*

हुरडा ज्यानं खाल्ला नाही त्याला एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

जोंधळ्याच्या कणसात दाणा भरतो, पण अजून वाळलेला नसतो. बोटानं दाबला तर मऊ लागतो, दूध मात्र आटलेलं असतं. असे आठ-पंधरा दिवसच मिळतात. बांधाजवळ वीतभर खड्डा करायचा, त्यात गोवऱ्या पेटवायच्या, ही आगटी. निखारे झाले की कणसं राखेत खुपसायची. दाणे फुटल्याचा बारीक आवाज येतो, एक गोड, थोडा करपट वास सुटतो. कणीस बाहेर काढलं की ते हाताला चटके देत असतानाच तळहातावर चोळायचं. दाणे मोकळे होतात, कोंडा वर येतो, तो फुंकरीनं उडवायचा, आणि ओंजळभर गरम हिरवा हुरडा समोरच्याच्या हातात द्यायचा. जवसाची चटणी, गूळ, कवडीचं दही. चोळणारा आणि खाणारा समोरासमोर घोंगडीवर बसलेले असतात. ताट नाही, पळी नाही, वाढपी नाही. एकाच्या तळहातावरून दुसऱ्याच्या तळहातावर.

म्हणूनच हुरड्यात काही लपवता येत नाही. लग्नाच्या पंगतीत लपवता येतं. पत्रावळ्या असतात, पंगतीचं टोक असतं, 'तुम्ही नंतर निवांत बसा' असं म्हणता येतं. हुरड्याला ज्याच्या हातचं चालत नाही तो आगटीपाशी बसूच शकत नाही.

*

वाघमारे सर आमच्या शाळेत भूगोल शिकवायला आले तेव्हा त्यांची मुलगी सुजाता सात-आठ वर्षांची असेल. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली बौद्ध धर्म घेतला होता. दुसऱ्याच्या शेतात सालदारकी करून पोरगा शिकवला होता. सर उंच, सावळे, सायकलवर ताठ बसणारे. फळ्यावर नकाशा काढायचे तर मुलं टाळ्या वाजवायची. एका खडूनं, न उचलता, अख्खी गोदावरी.

स्टाफची सहल ही कल्पना हेडसरांची, हुरड्याचं शेत माझ्या सासऱ्यांचं, पण जेवणानंतर नदीकाठानं चालायला जायचं ही कल्पना वाघमारे सरांची. त्यांची बहीण पलीकडच्या काठावरच्या गावात दिलेली, त्यामुळं दोन्ही काठ त्यांच्या पायाखालचे. त्यांनी वहीच्या कागदावर रस्ता काढून आणला. शेत, पिंपळ, गुरं पाणी पितात ती उतरण, वाळूचा पट्टा, वळण. कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "लहान लेकरं पण चालतेत बघा सर ह्या वाटंनं. चढ न्हाई, काटा न्हाई. वळणापाशी पाच मिनटं बसायचं. तिथं नदी एवढी शांत राहती की आपलंच बोलणं आपल्याला मोठं वाटतं."

शुक्रवारी मी सासऱ्यांकडं सांगायला गेलो. त्यांना मी मामा म्हणायचो. मामा बांधावर बसून ऊस सोलत होते.

"किती माणसं?"

"बायकालेकरं धरून वीसेक."

"कोण कोण?"

मी नावं सांगत गेलो. वाघमारेंचं नाव आलं तेव्हा विळा थांबला. मामा वाईट माणूस नव्हते. आवाज चढवणं त्यांना माहीत नव्हतं. म्हणाले, "येऊ द्या की. आपल्याला काय त्याचं? पण जावईबापू, आगटीला तेवढा हात लावू देऊ नका. आमच्या चुलती जेवायच्या न्हाईत मग. अन् गावात चर्चा होती. त्यांचं आपण लिंबाखाली येगळं लावू. मानानं लावू."

मी "बरं मामा" म्हणालो. दोनच शब्द. त्याच आठवड्यात मी सातवीच्या वर्गाकडून समतेवर निबंध लिहून घेतला होता. चांगले निबंध होते.

परत येताना एस.टी.च्या खिडकीतून मी सारखा बाहेर बघत होतो. दोन्हीकडं जोंधळा उभा होता, माचाणावरून बायका गोफण फिरवून पाखरं उडवत होत्या. माझ्यासमोर तीन रस्ते होते. मामांना सांगायचं, की असं असेल तर आम्ही येत नाही. किंवा वाघमारेंना खरं सांगायचं. किंवा हेडसरांना सांगायचं, जागा बदला. तिन्ही रस्त्यांवर कोणाच्या तरी तोंडाकडं बघून बोलावं लागणार होतं. मी चौथा शोधला.

शनिवारी सकाळची शाळा. सुटल्यावर वाघमारे सायकलचं कुलूप काढत होते तिथं जाऊन म्हणालो, "सर, सहल पुढच्या रविवारी ढकलली. दाण्यात अजून दूध आहे."

"असं?" ते म्हणाले. "परवा झरीला पाहुण्याकडं गेलतो. तिकडं तर लय भरलाय दाणा."

"आमच्या सासऱ्यांची पेर उशिरा झाली."

"मग राहू द्या. कच्चा हुरडा खाऊन पोट दुखायचं." ते हसले. "पण आमच्या सुजाताला कोण सांगंल? आठ दिवस झालेत, नव्या चपला उशाला घेऊन झोपायलीय."

मीही हसलो. ते हसणं मला अजून माझ्या तोंडावर जाणवतं.

*

बायकोला हे सगळं मी या आठवड्यात सांगितलं. पहिल्यांदाच. ती भाकरी थापत होती. मी मामांपासून सुरुवात केली. तिचे वडील, आता वीस वर्षं झाली त्यांना जाऊन. ती ऐकत राहिली, भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि म्हणाली, "बापूंचं नाव पुढं करू नका. बापू चुकलेच. पण बापूंनी जे म्हणायचं ते तोंडावर म्हणलं. खोटं कोण बोललं?"

"मी."

"मग तिथून सांगा."

बरोबर आहे तिचं. तिथून सांगतो.

रविवारी सकाळी सगळे स्टँडवर जमलो. डबे, सतरंज्या, लेकरांची पळापळ. बस लागली होती. हेडसर म्हणाले, "वाघमारे कुठायत? त्यांनीच तर रस्ता आखलाय. थांबू थोडं." निमंत्रणाचं काम माझ्याकडं होतं म्हणून सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. ताप आलाय म्हणालो असतो तर सोमवारी कोणीतरी तब्येत विचारली असती. पाहुणे आलेत म्हणालो असतो तर कोण आलं होतं असं विचारलं असतं. मला असं कारण हवं होतं, जे कोणी जाऊन विचारणार नाही. म्हणून मी म्हणालो, "ते येणार नाहीत. म्हणाले, तुमच्यात मला जमत नाही."

 मग हेडसर म्हणाले, "असं म्हणाले? बरं." आणि बसमध्ये चढले. एवढंच. खोटं बोलायला किती कमी वेळ लागतो. त्या वेळेला मला उलट सुटल्यासारखं वाटलं.

हुरडा उत्तम होता. हेही लिहिलं पाहिजे. दाणा भरलेला होता, दूध कुठंच नव्हतं. मामा स्वतः चोळून देत होते, "घ्या साहेब, गरम हाय तवर घ्या." चुलती घोंगडीच्या कडेला बसून गूळ फोडत होत्या आणि प्रत्येकाच्या बायकोला माहेर विचारत होत्या. करडईच्या पिवळ्या फुलांवर माशा घोंघावत होत्या. मी खूप खाल्लं. अपराधी माणसाला भूक लागत नाही असं कोणी लिहिलं तर विश्वास ठेवू नका.

मग चालायला निघालो. रस्ता कोणाला माहीत? माझ्या खिशात कागद होता. वाघमारेंचा. मी तो उघडून पुढं झालो. पिंपळ आला, उतरण आली. ऊन तिरपं झालं होतं. तेव्हा बंधारे झाले नव्हते, हिवाळ्यात गोदावरी अंग चोरून वाहायची. मध्ये पाण्याची एक धार आणि दोन्हीकडं वाळूच वाळू. लेकरं पुढं पळत होती. खरंच चढ नव्हता, काटा नव्हता. हेडसर म्हणाले, "रस्ता चांगला काढलाय हो माणसानं, काही म्हणा."

वळणावर आलो आणि पलीकडच्या वाळूत धूर दिसला.

छोटी आगटी. शेजारी सतरंजी. एक बाई पाठमोरी बसलेली, एक पुरुष कणीस चोळतोय, आणि एक पोरगी ओंजळ पुढं करून उभी. त्या शांत जागी त्या पोरीचं हसणं पाण्यावरून इकडं आलं. तेवढ्यात तिनं मान वळवली, आमची वीस माणसांची रांग बघितली, आणि दोन्ही हात वर करून हलवायला लागली.

पुरुष उभा राहिला. चेहरा दिसण्याइतकं जवळ नव्हतं, पण तो ताठपणा ओळखू येत होता. तो नुसता उभा होता. हाक नाही, हात नाही.

हेडसरांनी डोळ्यांवर हात धरला. "अरे, हे तर वाघमारे! बघा बघा. आपल्यात जमत नाही म्हणाले, अन् तिकडं आपला येगळा हुरडा लावून बसले!"

सगळे हसले. कोणी म्हणालं, "तालेवार माणूस हाय बाबा." कोणी म्हणालं, "साहेबाची आगटी पण स्वतंत्र." माझं खोटं मी एकट्यानं सांगितलं होतं, आता ते वीस जणांनी डोळ्यांनी बघितलं. पोरीला दिलेला शब्द पाळायला बहिणीच्या गावी येऊन बसलेला बाप त्यांना दिसलाच नाही. दिसला तो गर्विष्ठ माणूस, आणि तो मी त्यांना दाखवला होता. तेव्हा एक शब्द बोललो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं. नदीत गुडघाभर पाणी होतं. चालत पलीकडं जाता आलं असतं.

मी कागदाची घडी केली आणि म्हणालो, "चला, बस चुकेल."

पोरगी हात हलवत राहिली. आमच्यातल्या कोणीच हात केला नाही.

*

सोमवारी वाघमारे सर रोजच्या वेळेला आले. माझ्या टेबलाशी येऊन एक रुमालाची पुरचुंडी ठेवली. "हुरडा हाय सर. बघा, दूध न्हाई राहिलं दाण्यात." आणि वर्गावर गेले. त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही. मी पुरचुंडी खणात ठेवली. खाववेना, टाकवेना. आठ दिवसांनी खणाला मुंग्या लागल्या तेव्हा शिपायानं ती बाहेर नेऊन झटकली.

स्टाफरूममध्ये त्यांच्याशी बोलणं कमी होत गेलं. कोणी ठरवून केलं नाही. चहाला हाक मारताना त्यांचं नाव शेवटी यायला लागलं, मग राहून जायला लागलं. वर्षाअखेरीला हेडसर सगळ्यांचे गोपनीय अहवाल लिहायचे. नावाला गोपनीय, माझं अक्षर चांगलं म्हणून साफ लिहून काढायला ते माझ्याकडं यायचे. वाघमारेंच्या कागदावर होतं, 'अध्यापन उत्कृष्ट. सहकाऱ्यांत मिसळत नाहीत.' मी दौत उघडली आणि ते वळणदार अक्षरात उतरवून काढलं. खाली हेडसरांची सही. अक्षर माझं.

पुढच्या वर्षी त्यांनी बदली मागून घेतली. जिंतूरकडं, चारठाण्याजवळच्या एका शाळेत गेले. निरोप समारंभात मी भाषण केलं. काय बोललो ते आठवत नाही, आणि आठवत नाही हे बरं आहे.

निवृत्तीनंतर ते परभणीतच राहायला आले. वीस वर्षं एका गावात आहोत. भाजीबाजारात ते दिसले की मी दुसऱ्या ओळीत वळतो. वांगी घ्यायला गेलेला माणूस मेथी घेऊन घरी येतो आणि बायकोची बोलणी खातो. वांग्यांऐवजी मेथी का येते हे तिला आता कळलं.

*

गुरुवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो. तीन वेळा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन पुढं गेलो होतो. चौथ्या वेळी वळलो.

सर अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसले होते. ताठपणा तसाच, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. आत भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी त्यांच्या पत्नीचा फोटो. सुजाता आता पन्नाशीला टेकली आहे, कॉलेजात शिकवते. तिनं मला ओळखलं नाही, पण नाव सांगितल्यावर चेहरा फुलला.

"जवळेकर सर! म्हणजे त्या नदीवरच्या सहलीतले! बाबा, आठवतंय का, काठ चुकला होतात ते?" ती चहा ठेवता ठेवता मला सांगायला लागली, "आमच्याकडं लय जुना जोक आहे हा सर. तुम्ही सगळे अलीकडच्या काठावर, आणि आमचे बाबा आम्हाला घेऊन पलीकडं! भूगोलाचे मास्तर, नकाशा स्वतः काढलेला, आणि काठ चुकले. मी विचारलं, बाबा, सगळे तिकडं का? तर म्हणाले, मीच काठ चुकलो ग बाई. आईनं तर जन्मभर सुनावलं. चष्मा हरवला, आई म्हणायची, काठ चुकला वाटतं. गाडी चुकली, काठ चुकला. आता मी म्हणते."

सर माझ्याकडं बघत होते. राग नव्हता त्या बघण्यात. आता तुम्ही काय करता ते बघतो, असं ते बघणं होतं.

मी घरून ठरवून आलो होतो, की त्यांना एकट्याला सांगायचं. मला ते सोपं वाटलं होतं. पण ती समोर हसत उभी होती, आणि चाळीस वर्षं वडिलांनी स्वतःवर घेतलेली चूक मला ऐकवत होती. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "ते काठ चुकले नव्हते. मी त्यांना रविवार चुकीचा सांगितला होता. मुद्दाम."

मग सगळं सांगितलं. मामा, आगटी, दाण्यातलं दूध, स्टँडवरचं वाक्य, अहवाल. सर शेवटपर्यंत हलले नाहीत. रविवारचं त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. पण ते वाक्य त्यांना माहीत नव्हतं. ते ऐकल्यावर त्यांनी गुडघ्यावरची पिशवी बाजूला ठेवली.

"मी असं म्हणलो म्हणून सांगितलंत तुमी?"

"हो."

"म्हणून हेडसर बोलायचे बंद झाले?"

"हो."

ते थोडा वेळ भिंतीवरच्या उन्हाकडं बघत राहिले. "मला वाटायचं, माझ्याच तोंडून काहीतरी येडंवाकडं गेलं असंल. वर्षभर आठवत होतो, काय बोललो, कुणाला बोललो. बायकोला पण विचारायचो. ती म्हणायची, तुमी कुणाला बोलणार, तुमी तर काठ चुकणारं माणूस."

मला माफी मागायची होती. शब्द तोंडाशी आले होते, पण ते इतके लहान वाटले की मी कप उचलून पुन्हा खाली ठेवला.

सुजाता वडिलांच्या खुर्चीपाशी खाली बसली. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही. म्हणाली, "चाळीस वर्षं मी तुम्हाला हसले, बाबा."

"हसलीस ते बरं केलंस," सर म्हणाले. "खरं सांगितलं असतं तर तुला नदीच नकोशी झाली असती. अन् नदीचा काय गुन्हा?"

 गल्लीतून ढाळेवाली हाक मारत गेली. मी रविवारच्या सहलीचं सांगितलं, स्मरणिकेचं सांगितलं, आणि विचारलं, याल का सर? विचारताना मला माझीच लाज वाटली, पण न विचारणं पुन्हा तेच झालं असतं.

"न्हाई येणार," ते म्हणाले. "गुडघे दुखतेत, ते एक. अन् मला यायचं न्हाई, हे दुसरं. दोन्ही सांगा त्यांना. ह्या बारीला खरंच मी म्हणलोय."

"मी येते," सुजाता म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "तुम्ही आत्ता जे सांगितलं ते लिहून आणा आणि सगळ्यांसमोर वाचा. पण हुरडा झाल्यावर नाही सर. आधी. पोट भरलं की माणसं लवकर माफ करतात. मला ते नको आहे."

*

तेव्हापासून लिहितो आहे. दोन पानांपेक्षा कधीच जास्त झालं. मध्ये मध्ये उठतो, फाटकापर्यंत जातो, परत येतो. लिहिलं की सुटल्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालेलं नाही. स्टँडवर खोटं बोलल्यावर सुटल्यासारखं वाटलं होतं, म्हणून आता नाही वाटत ते ठीकच आहे.

मेहुण्याच्या मुलाला फोन करून सांगितलं, की रविवारी आम्ही आलो तरी आगटी लगेच पेटवू नकोस. तो म्हणाला, "का हो? पाहुण्यांना तर आल्या आल्या गरम गरम लागतंय." मी म्हणालो, थोडं थांबायचं आहे, मला काही वाचायचं आहे. तो म्हणाला, "कविता का?"

आता त्या वळणापर्यंत जाता येतं की नाही, माहीत नाही. बंधाऱ्यामुळं पाणी थोपलेलं असतं. सुजाता जिथं उभी होती ती वाळू पाण्याखाली गेली. मंडळी म्हातारी झाली आहेत. काही जण म्हणतील, जवळेकर, एवढ्या वर्षांनी कशाला? काही म्हणतील, तेव्हा सगळीकडं तसंच होतं. असेल. पण दाण्यात दूध आहे असं मीच म्हणालो होतो, आणि वाघमारे सरांना आपल्यात जमत नाही, हेही मीच म्हणालो होतो. ज्यांनी ज्यांनी ते पुढं सांगितलं, त्यांनी आता हेही पुढं सांगावं. ते उत्तम शिक्षक होते, ते सगळ्यांत मिसळायला तयार होते, आणि त्या दिवशी आपण ज्या वाटेनं चाललो ती त्यांनी काढलेली होती.

सुजाता समोर बसलेली असेल. वाचून झालं की आगटी पेटेल, कणसं राखेत जातील. त्या घरच्या रीतीप्रमाणं शेताचा जावई म्हणून पहिलं कणीस चोळायला माझ्याच हातात येईल. मी ते चोळीन, फुंकर मारीन आणि हात पुढं करीन. ज्याला माझ्या हातचं खायचं नसेल, त्यानं खाऊ नये.